चार बीकर, शंभर बुड्या

सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी रत्नमाला देवकते हिच्या चिमट्यातली काचेची पट्टी एकोणिसाव्यांदा पहिल्या बीकरमध्ये उतरत होती. पहिल्यात वीस सेकंद. दुसऱ्यात, नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात, दहा. तिसऱ्यात वीस, चौथ्यात पुन्हा पाण्यात दहा. एक फेरी एका मिनिटाची. शंभर फेऱ्या झाल्या की काचेवर झिंक ऑक्साइडचा थर बसतो. त्याची जाडी केसाच्या पाचशेव्या भागाएवढी असते. हात मधे थांबला तर थर बिघडतो, पट्टी फेकावी लागते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे फेऱ्या सुरू झाल्या की रत्नमाला एक तास चाळीस मिनिटं स्टुलावरून उठत नाही. फोन वाजला तरी घेत नाही.

हे काम करणारं यंत्र मिळतं. शहरातल्या या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागानं ते घेतलंही होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची मोटर जळाली आणि दुरुस्तीची फाइल अजून वरच्या मजल्यावर आहे. यंत्र कपाटाच्या माथ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं आहे.

रत्नमाला बत्तीस वर्षांची आहे. गाव गंगापूरच्या पुढं नऊ किलोमीटरवर. वडील सोनाजी अजून मेंढरं राखतात. ती इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, दोन नर्सबरोबर एका खोलीत राहते आणि जुलै ते मार्च, आठवड्यातले तीन दिवस, जीपनं गंगापूरला जाऊन तिथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवते. कायम व्हायचं तर पीएचडी हवी. पीएचडीचं तिचं सहावं वर्ष चालू आहे. मुदतवाढ एकदाच मिळते, ती घेऊन झाली आहे. एकतीस जुलैला नोंदणी संपते. त्याआधी प्रबंध जमा करायचा, आणि जमा करण्याआधी सगळ्या विभागासमोर एक सादरीकरण द्यायचं. ते येत्या सोमवारी होतं. हा गुरुवार.

उन्हाळ्यात विभागाची नॅनोतंत्रज्ञानाची संशोधन इंटर्नशिप असते. आठ आठवडे, बारा मुलं. त्यातली दोन दरवर्षी डॉ. चिंचोले यांच्या वाट्याला येतात आणि चिंचोले सर ती रत्नमालाकडे देतात. मुलं येतात, चिमटा धरायला शिकतात, अहवाल लिहितात, प्रमाणपत्र घेतात आणि जातात. एक जर्मनीत आहे. दोघं मद्रासच्या आयआयटीत. त्यांची प्रमाणपत्रं रत्नमालानंच टाइप केलेली. ती त्याच स्टुलावर आहे.

यंदाची दुसरी मुलगी पहिल्याच आठवड्यात सोडून गेली. उरली सुमय्या, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, शहागंजची. फेऱ्या मोजताना मन भरकटतं म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी आजीचं जपाचं बोटातलं काउंटर आणलं. दर फेरीला अंगठ्यानं टिक्. "दादीला सांगितलं, सवाब, म्हणजे पुण्य, तुमच्या नावावर लिहिते," असं ती म्हणाली होती. तिचं मोजणं आठ आठवड्यांत एकदाही चुकलेलं नाही. रत्नमाला मात्र जोडीनं मोजते, दोन, चार, सहा. वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्याच्या, तोंडाशी उभे राहून तिचे वडील मेंढरं तशी मोजतात.

बुधवारी दुपारी सुमय्यानं एक आलेख कागद तिच्यासमोर ठेवला होता. अहवालात जुन्या नमुन्यांची तुलना द्यायची, म्हणून तिनं चार वर्षांच्या वह्या काढून एकसष्ट नमुने महिन्यांप्रमाणं मांडले होते. या पट्ट्यांचं काम हायड्रोजन सल्फाइड ओळखणं. गटारात, मैलाटाकीत हाच वायू माणसाला मारतो. पट्टीनं वायू जोरात ओळखला तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. हिरवे ठिपके एकोणीस होते.

"ताई, सगळे हिरवे एप्रिल ते जून. एक तेवढा ऑक्टोबरचा. लेकिन बाकी साल भर सब लाल."

"तेच तर तिसरं प्रकरण आहे माझं," रत्नमाला म्हणाली होती. "उन्हाळ्यात ही खोली अडतीस-चाळीस अंशांवर असते. थर लवकर वाळतो, कण बारीक बसतात. ऑक्टोबरलाही ऊन तापतं."

"मग मेमधले हे दोन लाल?"

"ते बिभीषणचे. दोन वर्षांपूर्वीचा इंटर्न. त्याच्या हाताला शिस्त नव्हती."

तिसरं प्रकरण बेचाळीस पानांचं आहे. त्यावरचा एक शोधनिबंध छापूनही आला आहे. सादरीकरणात तेच मुख्य. सोमवारी कुणी ताजा नमुना मागितला तर हाताशी असावा, म्हणून गुरुवारी ती नऊऐवजी साडेसातलाच आली होती.

चोविसाव्या फेरीला सांडूमामा आले. सांडू खरात, वय चौपन्न, प्रयोगशाळेचे परिचर, नेमणूक कंत्राटदारामार्फत. त्यांची वेळ आठची. विभागात सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चपला दाराशी काढल्या, "आज लई लवकर, ताई?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता आतल्या खोलीत गेले. आतल्या खोलीत वायू मोजण्याचं यंत्र आहे आणि त्याच्यासाठी एसी आहे. बुडवण्याचं काम बाहेरच्या खोलीत, पंख्याशिवाय चालतं. आतल्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते. मधलं दार उघडंच राहिलं. मामांनी खिडकीतून हात घालून गॅलरीतला कॅन उचलला. त्यात एसीची पांढरी नळी सोडलेली होती. नळी बाजूला केली, झाकणाच्या जागी बांधलेलं फडकं सोडलं आणि कॅनमधलं पाणी दुसऱ्या कॅनमध्ये ओतलं. त्या दुसऱ्या कॅनवर रत्नमालाच्याच अक्षरात चिठ्ठी होती: डिस्टिल्ड.

ती उठू शकत नव्हती. पट्टी तिसऱ्या बीकरमध्ये होती, अकरा सेकंद उरले होते.

"मामा, ते काय ओतताय?"

"पाणी."

"कुठलं?"

"डिस्टिल. रोजचंच."

"ते एसीचं आहे."

"मग? बॅटरीला तेच घालत्यात सगळे. माझ्या मेव्हण्याच्या इन्व्हर्टरला सात वर्षं तेच चाललंय. बॅटरीला चालतं ते तुमच्या काचेला चालत नाय व्हय?"

पट्टी चौथ्या बीकरमध्ये गेली. दहा सेकंद.

"आणि आपलं डिस्टिलचं यंत्र?"

"यंत्राला नळ लागतो, ताई. एक लिटर करायला पंधरा लिटर थंड पाणी वाहून जातं. उन्हाळ्यात नळ येतो आठव्या दिवशी. विभागप्रमुखांनी सांगितलं, टँकरचं पाणी यंत्राला घालायचं नाय. मग मी काय तुमचं काम बंद ठेवू?"

"कधीपासून?"

"आत एसी लागला तेव्हापासून. एसी चालू असला की हे. एसी बंद झाला की नळाचं, यंत्रातलं. पावसाळ्यात, थंडीत पाण्याची वढाताण नसते." मामांनी फडकं पिळून खिडकीला वाळत घातलं. "दोन्ही वाफेचंच पाणी हाय ना? मी काय नालीचं आणलं का?"

त्यांचं म्हणणं पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. दोन्ही पाणी म्हणजे थंड होऊन जमलेली वाफच. फरक एवढाच, की एसीमध्ये ती वाफ तांब्याच्या नळ्यांवर जमते. झिंक ऑक्साइडच्या थरात किंचित तांबं शिरलं तर हायड्रोजन सल्फाइड ओळखण्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. हे रत्नमालाला माहीत आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात, दुसऱ्यांच्या संशोधनाचा आढावा घेताना, तिनंच त्यावर दीड पान लिहिलं आहे.

एप्रिल ते जून एसी चालू. ऑक्टोबरात नऊ दिवस एसी चालू. बाकी वर्षभर, वीजबचतीच्या परिपत्रकानुसार, बंद.

त्र्याहत्तर फेऱ्या उरल्या होत्या. तिनं त्या पूर्ण केल्या.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी पट्टी वाळायला ठेवून तिनं बिभीषणला फोन लावला. तो आता चितेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. तो पहिल्या पाळीत होता. मागं यंत्रांचा आवाज येत होता.

"बोला मॅडम. इतक्या वर्षांनी?"

"बिभीषण, मेमध्ये तू दोन नमुने केलेस, बिघडलेले. तेव्हा पाणी कुठलं वापरलं होतंस?"

"दोन वर्षांनी पाणी विचारताय?"

"आठवतं का?"

"न आठवायला काय झालं. मामा भाचीच्या लग्नाला गेले होते, चार दिवस. कॅन रिकामा. मी बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचा सीलबंद आणला. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही बुडवत होता तेव्हा. तुम्ही मान हलवली." यंत्रांचा आवाज लांब गेला; तो बाजूला आला होता. "नंतर माझ्या अहवालावर तुम्ही लिहिलं, हाताला शिस्त नाही. ते वाचून विभागातल्याच एका सरांनी मला एमएस्सीच्या प्रोजेक्टला नाय म्हटलं. का, काय झालं?"

"ते चुकीचं लिहिलं मी."

"बरं," बिभीषण म्हणाला. "ठेवतो मॅडम, लाइन चालू आहे."

तिनं वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पानावर समासात तिच्याच हातानं लिहिलेलं होतं: 'पाणी बाहेरचं.' त्याखाली रेघ मारून: 'कौशल्याचा अभाव.' तिनं लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं.

साडेअकराला ती चिंचोले सरांच्या केबिनमध्ये गेली. सर अकरा महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. टेबलाच्या काचेखाली त्यांनी त्याचं कॅलेंडर ठेवलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावून घ्यायला सांगितलं.

"आकडे खरे आहेत ना?"

"आकडे खरे आहेत, सर. कारण खोटं आहे."

"खोटं म्हणू नकोस. तुला वाटलं ते तू लिहिलंस. तांबंच आहे हे तरी कशावरून? मोजलंस?"

"नाही. नमुना बाहेर पाठवावा लागेल."

"म्हणजे तुझ्याकडे एका परिचराचं बोलणं आहे आणि बारावीनंतर तीन वर्षं शिकलेल्या पोरीचे ठिपके आहेत." सरांनी चष्मा काढला. "सोमवारी सादरीकरण दे. प्रबंध जाऊ दे. एकदा पदवी हातात आली की मग हे सगळं नीट कर, दुसरा निबंध लिही, मीच सुचवतो. तिसरं प्रकरण काढलंस तर प्रबंधात काय उरतं?"

"प्रस्तावना."

"आणि नोंदणी?"

"एकतीसला संपते."

"पुन्हा नोंदणी, पुन्हा कोर्सवर्क, नवा मार्गदर्शक. कारण मी नसेन. दोन वर्षं तरी. गंगापूरची जागा थांबेल?"

जागा थांबणार नव्हती. तासिकेवर शिकवणारे दरवर्षी नव्यानं नेमले जातात आणि यंदा कायम जागेची जाहिरात निघणार हे तिथल्या प्राचार्यांनीच तिला सांगितलं होतं.

"पुढचा कुणीतरी दुरुस्त करतो, रत्नमाला. शास्त्र असंच चालतं."

"पुढचा कोण, सर? पुढच्यांनाही मीच शिकवते."

सरांनी चष्मा परत लावला. "तुझ्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही," ते म्हणाले. "मी तुला थांबवलं असं म्हणू नकोस. आणि मी तुला जा म्हटलं असंही."

जेवणाच्या सुट्टीत सांडूमामा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. डबा उघडला नव्हता.

"सरांला सांगितलं?"

"हो."

"माझं नाव?"

"पाण्याचं सांगितलं."

"एकच झालं की. रजिस्टरला रोज माझी सही हाय. डिस्टिल पाणी, पाच लिटर. कंत्राट जूनअखेर नवं व्हतंय, ताई. हे कळलं तर म्हणतील, खोटी सही केली." त्यांनी हातातला डबा टेबलावर ठेवला. "तुम्ही सहा वर्षांत एकदा जरी इचारलं असतं, तर त्याच दिवशी सांगितलं असतं. मी लपवलं नाय काही."

"माहीत आहे, मामा."

"मेमध्ये तर हवा कोरडी. दिवसाला दोन लिटरबी पडत नाय. मी रविवारी येऊन कॅन बदलत व्हतो, तुमचं सोमवारी अडू नये म्हणून."

तिनं हेही कधी विचारलं नव्हतं.

दुपारी वडिलांचा फोन आला. या वेळी हातात चिमटा नव्हता, म्हणून तिनं घेतला.

"सोमवारचं पक्कं ना?" सोनाजी म्हणाले. "सकाळच्या जीपवाल्याला सांगून ठेवलंय. पांढरं धोतर काढलंय. तुझी आई म्हणती, तिथं काय कळणार तुम्हाला? म्हटलं, ती उभी राहून बोलती ते तर दिसल."

"नाना, मी संध्याकाळी सांगते."

"आता काय झालं?"

"संध्याकाळी सांगते."

चार वाजता सुमय्या अहवाल घेऊन आली. अठ्ठावीस पानं, पारदर्शक फोल्डरमध्ये. इंटर्नचा अहवाल मार्गदर्शकाच्या सहीनं विभागाच्या ग्रंथालयात जमा होतो, तिथं त्याला क्रमांक पडतो आणि तो कुणालाही बघता येतो. सोमवारी समोर बसणारे दोन प्राध्यापक हेच अहवाल वाचून इंटर्नना गुण देतात. अहवाल जमा करायची वेळ गुरुवारी साडेपाचपर्यंत होती.

सुमय्याला सकाळपासूनचं काही सांगावं लागलं नाही. मामांनीच सांगितलं होतं.

"ताई, पान सहा." तिनं पान उघडलं. साहित्याची यादी होती आणि तिसऱ्या ओळीत रिकामी जागा. "इथं मी डिस्टिल्ड लिहिलं होतं. खोडलं. काय लिहू?"

रत्नमालानं आलेख बघितला. तो पान एकवीसवर होता. हिरवे ठिपके आता वेगळेच दिसत होते. नुसता आलेख राहिला तरी चाललं असतं. ठिपके काही बोलत नव्हते. बोलणारी एकच जागा होती, पान सहा.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? सही तुमची आहे." सुमय्यानं बोटातलं काउंटर काढून टेबलावर ठेवलं. "मी डिस्टिल्ड लिहिते, ताई. नाही तरी मला प्रमाणपत्रच पाहिजे. सोमवार तुमचा आहे. खरंच, मी लिहिते."

"आणि पुढच्या वर्षी एखादी मुलगी हा अहवाल उघडून चांगल्या, स्वच्छ पाण्यात शंभर फेऱ्या मारेल. पट्टी लाल येईल. मग मी तिला काय म्हणेन?"

सुमय्याला बिभीषणची गोष्ट माहीत होती. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"लिही," रत्नमाला म्हणाली. "एसीतून निथळलेलं पाणी. खाली तळटीप दे. हे पाणी डिस्टिल्ड असल्याचं गृहीत धरून सगळे नमुने केले गेले. पाण्याचा उगम तपासण्याची जबाबदारी र. सो. देवकते यांची होती, ती पार पाडली गेली नाही."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण. आणि मामांचं नाव कुठंच नको."

सुमय्यानं ते हातानं लिहिलं, कारण प्रिंटर बंद होता. रत्नमालानं सही केली. बिभीषणच्या जुन्या अहवालाला जोडण्यासाठी तिनं वेगळ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, त्यावरही सही केली आणि अहवाल आणि तो कागद पाच वाजून दहा मिनिटांनी ग्रंथालयाच्या खिडकीत दिले. खिडकीतल्या बाईंनी न वाचता शिक्का मारला. मग तिनं सादरीकरण पुढं ढकलण्याचा अर्ज चिंचोले सरांच्या टेबलावर ठेवला. सर घरी गेले होते. अर्जात 'पुढील दिनांक' अशी जागा असते, ती तिनं कोरी सोडली.

तिला सुटल्यासारखं वाटलं का, असं सुमय्यानं जिना उतरताना विचारलं. "नाही," रत्नमाला म्हणाली. "आता कमीत कमी साठ पट्ट्या. तीस या पाण्यात, तीस त्या पाण्यात. त्याच स्टुलावर."

घरी फोन केला तेव्हा सोनाजी मेंढरं वाघुरीत घालत होते. फोन कानाशी धरूनच मोजत होते.

"नाना, सोमवारी येऊ नका."

"अठ्ठावीस, तीस. रद्द झालं व्हय?"

"नाही. पुढं गेलं."

"किती?"

"माहीत नाही."

"तुझी चूक का त्यांची?"

"माझी."

पलीकडं मेंढरांच्या घंटांची किणकिण वाढली. "मोजणं चुकलं माझं," सोनाजी म्हणाले. "थांब, परत बाहेर काढावी लागत्याल." आणि त्यांनी फोन ठेवला.

कंत्राटाच्या यादीत सांडू खरात यांचं नाव राहिलं की नाही, हे एक तारखेला कळेल. सुमय्याच्या इंटर्नशिपचा शुक्रवार शेवटचा दिवस आहे. प्रमाणपत्रं दीड वाजता वाटली जातील, तोवर ती मोकळी आहे आणि एक चिमटा तिनं धरायचा ठरलं आहे. शुक्रवार महाविद्यालयाच्या भागात नळाचा आठवा दिवस. पाणी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी येतं आणि पन्नास मिनिटं राहतं. टाकी भरली की सव्वासहाला सांडूमामा डिस्टिलचं यंत्र लावतील. त्याला पाच लिटरसाठी अडीच तास लागतात. पावणेनऊला दोन्ही कॅनमधलं, एसीचं आणि यंत्रातलं, पाणी आठ बीकरमध्ये ओतून झालं, तर दोन्ही पट्ट्या दहा वाजून पंचवीस मिनिटांनी बाहेर येतील.